वेबसाइटच्या कारखान्यात दोन अवजारे : मुकादम मात्र एकच हवा

सुताचा कोन आणि दुकानातला तागा यांच्यामध्ये किती हात असतात, हे कापडाच्या धंद्यातील माणसाला सांगावे लागत नाही. वार्पिंग, सायझिंग, माग, प्रोसेस, घडी, शिक्का आणि शेवटी गाठ. यांतले एकही काम मागेपुढे करून चालत नाही. सायझिंग झालेले बीम वेळेवर आले नाही तर माग उभा राहतो. कोरे कापड प्रोसेसला न जाता गाठीत बांधले गेले तर माल परत येतो आणि भाडे अंगावर पडते.

वेबसाइटच्या कामातही अशीच साखळी असते, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. आपल्या अनेक व्यापारी बांधवांनी दुकानाची वेबसाइट करून घेतली आहे, कित्येकांची मुले आणि पुतणे या कामात नोकरीला आहेत. तरीही "प्रोग्रामर लिहितो आणि साइट दिसते" एवढीच आपली कल्पना असते. लिहिणे आणि दिसणे यांच्यामध्ये जे काम होते त्याला बिल्ड म्हणतात. प्रोग्रामरने लिहिलेला कच्चा माल तपासणे, जोडणे, आटोपशीर करणे आणि गाठ बांधून सर्व्हरवर पाठवण्याजोगा करणे, असा त्याचा अर्थ. हे काम हाताने न करता यादीप्रमाणे आपोआप करणाऱ्या सॉफ्टवेअरला बिल्ड ऑटोमेशनची अवजारे म्हणतात. मोठ्या कामात अशी दोन अवजारे एकत्र वापरावी लागतात. त्यांची सांगड नीट बसली नाही तर नुकसान मालकाचे होते, म्हणून हा विषय मालकानेही समजून घ्यावा असा आहे.

हे अवजार का निघाले?

या जातीचे पहिले नामांकित अवजार 'मेक'. अमेरिकेतील बेल लॅब्स या संशोधन संस्थेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते १९७६ साली तयार केले. त्यामागची हकीकत प्रसिद्ध आहे. स्टीव्ह जॉन्सन नावाचे त्यांचे सहकारी एक सकाळभर एका प्रोग्राममधील चूक शोधत बसले होते. चूक त्यांनी आधीच दुरुस्त केली होती, पण दुरुस्त केलेली फाइल नव्याने तयार करायची राहून गेली होती. त्यामुळे चालत होता तो जुनाच माल. फेल्डमन यांचाही आदल्या संध्याकाळचा काही वेळ अशाच भानगडीत गेला होता. कोणती वस्तू कोणत्या वस्तूपासून बनते याची यादी एकदा लिहून द्यावी आणि काय बदलले, काय पुन्हा बनवायचे हे यंत्रानेच पाहावे, या विचारातून 'मेक' निघाले. या कामासाठी फेल्डमन यांना एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेचा २००३ सालचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला.

त्यानंतर अशी अवजारे पुष्कळ आली. या लेखात आपण त्यांपैकी दोन घेऊ : मेव्हन आणि गल्प.

मेव्हन आणि गल्प यांची ओळख

मेव्हन हे अपाची संस्थेचे अवजार आहे. त्याची १.० ही आवृत्ती २००४ साली आली. ते मुख्यतः जावा या भाषेतील कामासाठी आहे. दुकानाचा साठा, ऑर्डरी, बिले, गिऱ्हाइकांची खाती हा जो पडद्यामागचा व्यवहार असतो, तो मोठ्या साइटवर पुष्कळदा जावामध्ये लिहिलेला असतो. मेव्हनची शिस्त कडक आहे. कामाचे टप्पे त्याने आधीच ठरवून ठेवले आहेत : तपासणी, साहित्य तयार करणे, कम्पाइल करणे, चाचणी, गाठ बांधणे, पाठवणे. पुढचा टप्पा सांगितला की आधीचे सगळे टप्पे क्रमाने झाल्याशिवाय तो तिथे जात नाही. सर्व सूचना पॉम नावाच्या एका फाइलमध्ये लिहिलेल्या असतात आणि तयार माल 'टार्गेट' नावाच्या फोल्डरमध्ये पडतो.

गल्प हे २०१३ साली आलेले अवजार आहे. ते नोड जेएसवर चालते, जे रायन डाल यांनी २००९ साली काढले. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना जे दिसते ते गल्पचे क्षेत्र. सास भाषेत लिहिलेली रंगरूपाची फाइल ब्राउझरला समजणाऱ्या सीएसएसमध्ये आणणे, जावास्क्रिप्टच्या अनेक फाइलींची एक फाइल करणे, त्यातील मोकळ्या जागा काढून ती हलकी करणे, चित्रांचे वजन कमी करणे ही त्याची कामे. त्याची खास बाब अशी की एका हातातून निघालेली फाइल मध्ये कुठे डिस्कवर न ठेवता ते सरळ दुसऱ्या हातात देते.

आता कोणी विचारील, दोन कशाला? एकानेच सगळे का करू नये? मेव्हनमध्ये जोडणी करून सीएसएसची कामे करता येतात, पण त्या क्षेत्रातील नवीन सोयी आधी नोडच्या जगात येतात आणि पुढच्या बाजूचे कारागीर तिथेच तयार झालेले असतात. उलट जावाचे काम गल्पने करावे हे तर सरळ गैरसोयीचे आहे. मागावर रंगाई होत नाही आणि रंगाईच्या हौदात विणकाम होत नाही. तेव्हा दोन कारखाने राहणारच. प्रश्न आहे तो त्यांच्यातील देवघेवीचा.

पहिला नियम : मुकादम एक

दोन अवजारे जोडण्याचे तीन मार्ग आहेत. पहिल्यात मेव्हन वरचा राहतो आणि योग्य वेळी गल्पला हाक मारतो. दुसऱ्यात गल्प वरचा राहतो आणि मेव्हनला हाक मारतो. तिसऱ्यात दोघे वेगवेगळे चालतात आणि जेन्किन्ससारखे तिसरे अवजार त्यांना एकामागून एक चालवते.

शेवटची गाठ ज्याच्या हातून बांधली जाते त्याला मुकादम करावे, हा सोपा हिशेब आहे. जावाच्या कामात ती गाठ मेव्हन बांधतो, म्हणून पहिला मार्ग बहुधा बरा पडतो. त्यासाठी फ्रंटएंड मेव्हन प्लगिन नावाची तयार जोडणी मिळते. ती क्रमाने तीन कामे करते. आधी प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच नोड आणि एनपीएम आणून ठेवते. संगणकावर आधीपासून दुसरे नोड असेल तर त्याला हात लावत नाही. मग एनपीएमकडून लागणारे सुटे भाग मागवते. त्यानंतर गल्प चालवते. हे सारे 'साहित्य तयार करणे' या टप्प्यावर, म्हणजे गाठ बांधण्याच्या बरेच आधी उरकते. त्यामुळे प्रोग्रामरला एकच आज्ञा द्यावी लागते आणि दोन्ही कारखाने चालून माल तयार होतो.

जिथे पुढच्या बाजूची आणि मागच्या बाजूची माणसे वेगळी असून त्यांचा माल वेगवेगळ्या दिवशी निघतो, तिथे तिसरा मार्ग योग्य ठरतो. पण तिथेही वरचा एकच असतो, त्याचे नाव तेवढे बदलते. कोणीच वरचा नाही आणि "आधी गल्प चालवा, मग मेव्हन चालवा" हे एका माणसाच्या डोक्यात आहे, ही पद्धत सर्वांत धोक्याची. तो माणूस रजेवर गेला की काम थांबते, आणि घाईत एक पायरी विसरला की जुना माल नव्या गाठीत जातो. जॉन्सन यांची ती सकाळ अशी पुन्हापुन्हा येते.

दुसरा नियम : एका फाइलला एकच हात

कोणती फाइल कोणाची हे आधी ठरवावे. दोघांनी एकाच फाइलवर काम केले की भांडण होते. उदाहरण पाहा. मेव्हनमध्ये फिल्टरिंग नावाची सोय आहे. फाइलमध्ये सोडलेल्या रिकाम्या जागी ती आवृत्तीचा क्रमांक, पत्ता वगैरे भरते. साध्या मजकुरासाठी ही सोय उत्तम आहे, पण चित्रांवर किंवा अक्षरांच्या फॉन्ट फाइलींवर ती चालवली तर त्या बिघडतात. मेव्हनच्या स्वतःच्या माहितीपत्रात हा इशारा दिलेला आहे. म्हणून गल्पने तयार केलेल्या चित्रांना आणि फाइलींना मेव्हनने नुसते उचलून गाठीत ठेवावे, त्यांना आणखी रंग देऊ नये.

तिसरा नियम : देवघेवीची जागा ठरलेली असावी

प्रोसेसकडून आलेला माल कुठे उतरवायचा याची जागा गोदामात ठरलेली असते. इथेही तसेच. गल्पने आपला माल एकाच फोल्डरमध्ये टाकावा आणि मेव्हनने तिथूनच उचलावा. ही जागा 'टार्गेट'च्या आत असलेली उत्तम. कारण मेव्हनला साफसफाईची आज्ञा दिली की तो 'टार्गेट' पूर्ण पुसून टाकतो. जुना शिल्लक माल राहात नाही आणि प्रत्येक वेळी ताजा तयार होतो. जावाच्या स्प्रिंग बूट पद्धतीत 'टार्गेट'मधील 'क्लासेस' आणि त्यातील 'स्टॅटिक' या फोल्डरमध्ये माल टाकला की तो गाठीत आपोआप बांधला जातो आणि साइटवर दिसतो.

याचा एक व्यवहारी परिणाम लक्षात ठेवावा. तयार मालात हाताने दुरुस्ती करू नये. समजा, साइटवर साड्यांवरील सवलतीचा आकडा चुकला आहे. घाईत कोणीतरी सर्व्हरवरील तयार फाइल उघडून आकडा बदलला. दिसायला काम झाले, पण कच्च्या मालात जुनाच आकडा आहे. पुढच्या आठवड्यात नवा बिल्ड झाला की जुनी सवलत पुन्हा दिसू लागते आणि गिऱ्हाईक काउंटरवर फोन दाखवून वाद घालते. दुरुस्ती नेहमी कच्च्या मालात करावी आणि माल पुन्हा बनवावा.

याच्याशीच जोडलेली आणखी एक बाब आहे. एकदा आणलेली फाइल गिऱ्हाइकाचा ब्राउझर जपून ठेवतो, म्हणून नवी फाइल टाकूनही काहींना जुनीच दिसते. यावर उपाय म्हणून गल्पकडून फाइलीच्या नावात तिच्या मजकुरावरून काढलेली छोटी खूण घालून घेतात. मजकूर बदलला की नाव बदलते आणि ब्राउझरला नवी फाइल आणावीच लागते.

चौथा नियम : लॉट नंबर लिहून ठेवा

डिझाइन तेच, रंगाचे नाव तेच, तरी दोन लॉटमध्ये शेड फरक पडतो, हे कापडवाल्याला कोणी शिकवायला नको. सॉफ्टवेअरमध्ये लॉट नंबरच्या जागी आवृत्ती असते. दोन अवजारे जोडली की दोघांच्या आवृत्त्या, शिवाय त्यांच्या सुट्या भागांच्या आवृत्त्या जुळाव्या लागतात. यातील तीन गोष्टी घडून गेलेल्या आहेत.

पहिली मार्च २०१६ मधली. एनपीएमच्या भांडारातून 'लेफ्टपॅड' नावाचा सुटा भाग त्याच्या लेखकाने काढून घेतला. भाग होता जेमतेम ११ ओळींचा, अक्षरांच्या डाव्या बाजूला जागा भरणारा. पण त्याच्यावर अवलंबून असलेले दुसरे भाग इतके होते की जगभर हजारो बिल्ड बंद पडले. काही तासांनी एनपीएमने तो भाग परत ठेवला, तेव्हा काम सुरू झाले.

दुसरी एप्रिल २०१९ मधली. नोडची १२ वी आवृत्ती आली आणि गल्पची ३ री आवृत्ती तिच्यावर चालेना. गल्पची ४ थी आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आलेली होती, पण असंख्य प्रकल्प ३ वरच होते. ज्यांच्या संगणकावर नवे नोड आले त्यांचा बिल्ड, स्वतःच्या कामात एक अक्षर न बदलता, बंद पडला.

तिसरी मार्च २०२४ मधली. गल्पची ५ वी आवृत्ती आली. तिने फाइली मजकूर म्हणून वाचण्याची पद्धत मूळची ठेवली. चित्र हा काही मजकूर नव्हे. ज्यांनी आपल्या यादीत चित्रांसाठी ही पद्धत बंद केली नाही, त्यांची चित्रे बिघडून बाहेर पडली. विशेष म्हणजे बिल्ड "यशस्वी" असेच सांगत होता. कापड विकणाऱ्याच्या साइटवर कापडाचे चित्रच उघडत नसेल, तर उरले काय?

उपाय कठीण नाही. नोडचा नेमका क्रमांक पॉममध्ये लिहावा, म्हणजे वर सांगितलेली जोडणी तेवढाच आणील. सुट्या भागांची कुलूपयादी, म्हणजे पॅकेज लॉक फाइल, कामाबरोबर जपून ठेवावी. भाग मागवताना एनपीएमची 'सीआय' ही आज्ञा वापरावी. ती यादीतील नेमके लॉटच आणते आणि यादी जुळली नाही तर काम थांबवते. मेव्हनचाही क्रमांक मेव्हन रॅपर या सोयीने बांधून टाकता येतो. नवी आवृत्ती घ्यायची ती ठरवून, वेगळ्या दिवशी आणि माल तपासून घ्यावी. ती कधीच घ्यायची नाही असे करू नये, कारण जुन्या आवृत्त्यांतील सुरक्षेची छिद्रे उघडी राहतात.

पाचवा नियम : चूक झाली तर सगळे थांबावे

धागा तुटला की चांगला माग आपोआप थांबतो. न थांबणारा माग वारच्या वार खराब कापड विणत राहतो. गल्पमध्ये चूक झाली तर मेव्हननेही तिथेच थांबले पाहिजे. ही जोडणी मूळची तशीच आहे, पण प्रोग्रामर कधी सोयीसाठी ती निकामी करतात. रोजचे काम करताना फाइल जतन केली की लगेच परिणाम दिसावा म्हणून ते गल्पला पहाऱ्यावर बसवतात. अर्धवट लिहिलेल्या ओळीने पहारा बंद पडू नये म्हणून चूक गिळून पुढे जाणारा भाग त्यात लावतात. रोजच्या कामात हे ठीक आहे. तोच भाग शेवटच्या बिल्डमध्ये राहिला तर चूक कोणाला कळत नाही आणि अपुरी गाठ सर्व्हरवर जाते. तेव्हा रोजच्या कामाचा रस्ता आणि माल पाठवण्याचा रस्ता वेगळा असावा. रोज गल्प एकटा चालवावा, वेग मिळतो. माल पाठवताना मात्र मेव्हनच्या दारातूनच जावे आणि तिथे चुकीला माफी नसावी.

मालकाने काय विचारावे?

ज्याला प्रोग्राम लिहिता येत नाही त्यालाही पुढील गोष्टी विचारता येतात, आणि शेवटचा हप्ता देण्याआधी विचाराव्यात.

१. कच्चा माल, पॉम, गल्पची यादी आणि कुलूपयादी मालकाच्या नावावरील खात्यात आहे काय? केवळ तयार गाठ हातात असेल तर दुसऱ्या कारागिराला तिच्यातून काम पुढे नेणे फार जड जाते.

२. ज्या संगणकावर हे काम कधी झालेले नाही, अशा कोऱ्या संगणकावर फक्त जावा टाकून एका आज्ञेत बिल्ड करून दाखवता येते काय? समोर बसून पाहावे. ही एक परीक्षा बाकी सर्व तोंडी हमीपेक्षा मोलाची आहे.

३. कच्च्या फाइलीत मुद्दाम एक चूक घातली तर बिल्ड थांबतो काय?

४. तयार गाठ चालवून निदान दहा चित्रे, भावाचे पान आणि ऑर्डरचे पान कोणी डोळ्यांनी पाहिले आहे काय?

५. पुढच्या बाजूच्या फाइलींत कोणताही पासवर्ड किंवा पेमेंटची गुप्त चावी नाही ना? गल्पने बांधलेला सर्व माल गिऱ्हाइकाच्या फोनवर जातो. हलकी केलेली फाइल वाचायला अवघड असते, पण ती कुलूपबंद नसते. अशा चाव्या जावाच्या बाजूलाही फाइलीत लिहू नयेत, त्या सर्व्हरवर वेगळ्या ठेवाव्यात.

शेवटी खर्चाबद्दल. दुकानाचा पत्ता, फोन आणि चार चित्रे एवढीच साइट असेल तर मेव्हनही नको आणि दोघांची सांगडही नको. तिच्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर कारण विचारावे. मागच्या बाजूला जावा आणि साठा-ऑर्डरीचा खरा व्यवहार असेल तेव्हाच हा थाट परवडतो. नव्या कामात गल्पच्या जागी वेबपॅक किंवा २०२० साली आलेले व्हीट दिसेल. ही अवजारेही नोडवरच चालतात, आणि मेव्हनची तीच जोडणी त्यांनाही हाक मारते. नावे बदलली तरी वरचे पाच नियम आणि पाच प्रश्न तसेच लागू पडतात. जी मुले हे काम शिकत आहेत त्यांनी केवळ एका अवजाराच्या आज्ञा पाठ न करता दोन अवजारांमधील देवघेव शिकून घ्यावी. बिघाड बहुतेक वेळा तिथेच होतो, आणि तो बिघाड काढू शकणाऱ्या कारागिराला कामाची कमतरता पडत नाही.